गिअरबॉक्स बदलतोय: क्लच इंजिनचा घ्यायचा की गिअरबॉक्सचा?

खटारा_प्रेमी

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज गरजेपोटी धागा काढतोय.

गाडी जुनी शेवरोले. इंजिन ३५० स्मॉल ब्लॉक, १९८५च्या आधीचं, म्हणजे क्रँकचं (इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) मागचं सील दोन तुकड्यांचं. मागे मन्सी चार-स्पीड गिअरबॉक्स, इनपुट शाफ्टला १० दाते. हायवेला इंजिन सतत बोंबलत असतं म्हणून सहा-स्पीड टी-५६ मिळवलाय. १९९५च्या कॅमेरोतून निघालेला आहे. सोबत त्याची बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारं, क्लच झाकणारं कवच), फोर्क (क्लच सोडवणारा काटा) आणि स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने फोर्क हलवणारं) आलं. फ्लायव्हील (इंजिनामागचं जड चाक) आणि क्लच मात्र नाही.

माझा सध्याचा क्लच साडेदहा इंची, फारसा झिजलेला नाही. तोच वापरता येईल का? नसेल तर नवीन कोणत्या गाडीचा मागायचा? दुकानात पहिला प्रश्न येतो "गाडी कोणती?" आणि माझी गाडी आता नक्की कोणती हे मलाच सांगता येत नाही.

गोगलगाय

वाखुसा (वाचनखूण साठवली). पुढच्या रांगेत बसतोय.

स्पॅनरकाका

खटाराराव, क्लच ही एक वस्तू आहे असं समजून दुकानात गेलात तर गोंधळ होणारच. सुटंसुटं बघा.

फ्लायव्हील क्रँकला बोल्टने बसतं, म्हणून ते इंजिनाचं. प्रेशर प्लेट (क्लचप्लेट दाबून धरणारं कव्हर) फ्लायव्हीलला बसते, म्हणून ती फ्लायव्हीलची. क्लचप्लेटचं अर्धं अंग इकडचं, अर्धं तिकडचं: बाहेरचा व्यास प्रेशर प्लेटला जुळायला हवा आणि मधल्या हबचे दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टला. पायलट बेअरिंगचंही तेच, बाहेरून क्रँकच्या भोकात आणि आतून शाफ्टच्या टोकावर. तुमच्या क्रँकचं भोक १.०९४ इंच आणि जीएमच्या (शेवरोलेच्या मूळ कंपनीच्या) शाफ्टचं टोक ०.५९० इंच, त्यामुळे तिथे फार डोकं लावायची गरज नाही. पण जुनं बसवू नका, नवीन ठोका.

आता तुमची मेख. मन्सीचा शाफ्ट १ १/८ इंच, १० दाती. टी-५६चा शाफ्टही १ १/८ इंच, पण २६ दाती. व्यास तोच असल्याने कागदावर "१ १/८" वाचून माणूस खूश होतो आणि प्लेट शाफ्टवर सरकतच नाही. १९७१पासून मन्सीलाही २६ दाते आले, म्हणून "मन्सीची प्लेट" एवढं म्हणूनही भागत नाही. तर जुनी प्लेट बाद, प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील ठेवता येतील. साडेदहा इंची, २६ दाती, १ १/८ची प्लेट मागा. गाडीचं नाव सांगूच नका.

चौथा_गिअर

म्हणजे सोयरीकच म्हणा की. मुलगा इंजिनाकडचा, मुलगी गिअरबॉक्सकडची, आणि क्लचप्लेट बिचारी दोन्हीकडचे मानपान सांभाळत मधे झिजणार.

निवांत

काका, मान्य, पण एवढा खटाटोप का? अशा अदलाबदलीसाठी अख्खे किट येतात: फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, प्लेट, बेअरिंग सगळं एका खोक्यात आणि एका उत्पादकाचं. इकडून प्लेट, तिकडून बेअरिंग असं जमवलं की नंतर काही वाजलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. माझं मत: किट घ्या, सुखी राहा.

स्पॅनरकाका

किट घ्या ना, कोण नको म्हणतंय. पण किटवर लिहिलेलं असतं "अमुक इंजिन, तमुक गिअरबॉक्स". त्यातलं इंजिन तुमचंच आहे का, हे किट सांगत नाही. ३५० दोन तऱ्हेची आहेत. १९८५पर्यंत दोन तुकड्यांचं सील, क्रँकच्या तोंडावरचं बोल्टांचं वर्तुळ ३.५८ इंच, फ्लायव्हीलला वेगळं वजन नाही. १९८६पासून एकसंध सील, वर्तुळ ३ इंच आणि फ्लायव्हीलमध्येच तोल साधणारं वजन घातलेलं. टी-५६ ज्या कॅमेरोतून आला तिचं एलटी-१ इंजिन दुसऱ्या गटातलं. म्हणजे "टी-५६चं किट" म्हणून जे पहिलं हाती येईल त्यातलं फ्लायव्हील यांच्या क्रँकला बसणारच नाही.

फोर्डाफोर्डी

यावरून आठवलं. फोर्डच्या ३०२मध्ये हे दुखणं आणखी वाईट आहे, कारण तिथे चुकीचं फ्लायव्हील खुशाल बसतं. जुन्या ३०२ला २८ औंसचा तोल, ऐंशीच्या दशकातल्या ५.० मस्टँगला ५० औंसचा. बोल्ट जुळतात, क्लच जुळतो, गाडी सुरू होते आणि मग सगळी गाडी थरथरते. लोक गिअरबॉक्स उतरवून त्यात दोष शोधत बसतात.

दातेही आमच्याकडे निराळे. मस्टँगच्या टी-५ गिअरबॉक्सला १ १/१६ इंच, १० दाती. त्याच्या जागी टीकेओ-६०० गिअरबॉक्स बसवला की १ १/८, २६ दाती. फक्त प्लेट बदलायची, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट तीच.

खटारा_प्रेमी

काका, निवांत, फोर्डाफोर्डी, धन्यवाद. म्हणजे फ्लायव्हील माझंच, कव्हर माझंच, प्लेट २६ दाती. एवढं सोपं? मग उद्याच मागवतो.

बोल्ट_तुटला

थांबा थांबा, काही मागवू नका!

१९९३ ते ९७च्या कॅमेरोतला टी-५६ ना? त्याचा क्लच ओढणारा आहे. आपल्या नेहमीच्या क्लचमध्ये रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांना, म्हणजे तिच्या स्प्रिंगच्या मधल्या टोकांना, इंजिनाकडे ढकलतं. एलटी-१च्या क्लचमध्ये बेअरिंग पाकळ्यांना आतून अडकतं आणि फोर्क ते गिअरबॉक्सकडे ओढतो. तुमच्या बेलहाउसिंगमधला फोर्क, त्याचा टेकू, स्लेव्हची जागा सगळं त्या ओढण्यासाठी बनवलंय. मन्सीबरोबरची तुमची प्रेशर प्लेट ढकलणारी. तिच्या पाकळ्यांत ते बेअरिंग अडकणारच नाही. पेडल दाबाल आणि फोर्क हवेत हलेल.

आपल्याकडे दोन वाटा:

एक, ओढणारीच पद्धत ठेवायची. एलटी-१ची प्रेशर प्लेट, प्लेट आणि बेअरिंग घ्यायचं, आणि फ्लायव्हील असं शोधायचं ज्याला क्रँककडून ३.५८चं वर्तुळ आहे, वेगळं वजन नाही आणि पुढच्या तोंडावर एलटी-१ कव्हरची भोकं आहेत. अशी सुटी मिळतात.

दोन, ती बेलहाउसिंग बाजूला ठेवायची. स्मॉल ब्लॉक ते टी-५६ अशी ढकलणाऱ्या क्लचची बेलहाउसिंग घ्यायची आणि आत शाफ्टभोवती बसणारं हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने सरकणारं) रिलीज बेअरिंग टाकायचं. मग तुमचं सध्याचं फ्लायव्हील आणि कव्हर कामाला येतं.

स्पॅनरकाका

बोल्टभाऊंनी वाचवलं. १९९५ वाचूनही माझं लक्ष दात्यांतच होतं. माझ्या पहिल्या प्रतिसादाच्या शेवटच्या तीन वाक्यांना त्यांची दुसरी वाट गृहीत धरा.

गोगलगाय

पुढच्या रांगेचे पैसे वसूल.

स्कायलाइनर

ओढणारा-ढकलणारा हा घोळ फक्त शेवरोलेत नाही. निस्सानच्या आर-३२ जीटी-आरला आधी ढकलणारा होता, १९९३मध्ये ओढणारा आला. त्यामुळे "आर-३२चा क्लच द्या" म्हटलं की समोरच्याने तारीख विचारायलाच हवी. नाही विचारली तर दुकान बदला.

आणि काकांच्या नियमाला एक पुरवणी. निस्सानमध्ये रिलीज बेअरिंग ज्या बाहीवर दाबून बसवतात ती वेगवेगळ्या उंचीची येते. लोक ती गिअरबॉक्सबरोबर आलेलीच वापरतात, कारण ती गिअरबॉक्सवरच सरकत असते. खरं तर ती कव्हरशी जुळवायची. कव्हर उंच असेल तर बाही आखूड, कव्हर बुटकं असेल तर लांब. उलट झालं की एक तर क्लच सुटत नाही, नाही तर बेअरिंग कायम पाकळ्यांवर दाबून राहतं आणि क्लच घसरतो.

मिआटावाली

आमच्या छोट्या गाडीतही हेच गणित, फक्त गोड शेवट असलेलं. मिआटाच्या १.६ इंजिनाला २०० मिमी क्लच, १.८ला २१५ मिमी. शाफ्टचे दाते तेच, त्यामुळे १.६वर १.८चं फ्लायव्हील आणि अख्खा क्लच सुखाने बसतो. १.६चं फ्लायव्हील ठेवून नुसतं १.८चं कव्हर लावायला गेलं तर बसत नाही. जोडी फोडायची नाही.

डावा_पाय

मंडळी दात्यांत रमलीत, जरा ताकदीचंही बोला. खटाराभाऊ, इंजिनाचा टॉर्क किती? गिअरबॉक्स बदलताय म्हणून कोणी तरी तुम्हाला सिरॅमिक तुकड्यांची, स्प्रिंग नसलेली प्लेट विकणार हे मी आत्ताच लिहून ठेवतो.

खटारा_प्रेमी

साधारण ४५० न्यूटन-मीटर. आणि हो, एकाने सिरॅमिक सुचवली आहेच. "एकदा बसवली की विसरा" म्हणाला.

डावा_पाय

डावा गुडघा विसरू देणार नाही. हिशोब करू. क्लच पेलतो तो टॉर्क = घासणाऱ्या बाजूंची संख्या × घर्षणांक × दाब × सरासरी त्रिज्या. एका प्लेटला दोन बाजू. साध्या ऑरगॅनिक अस्तराचा घर्षणांक ०.३ धरू. साडेदहा इंची प्लेटची सरासरी त्रिज्या सुमारे ०.१०८ मीटर. कव्हरचा दाब १०,७०० न्यूटन धरला (तुमच्या कव्हरचा आकडा उत्पादकाकडून घ्या), तर २ × ०.३ × १०,७०० × ०.१०८ = ६९३ न्यूटन-मीटर. अस्तर तापून घर्षणांक ०.२५वर आला तरी ५७८. तुम्हाला हवेत ४५०. मग सिरॅमिक कशाला? ती धरते तेव्हा धाडकन धरते, चढावर गाडी हळूच उचलायची म्हटलं की उड्या मारते. शर्यतीत ठीक. रोजच्या वापराला ऑरगॅनिक, मधे स्प्रिंग असलेली.

निवांत

स्प्रिंगवरून विचारतो. माझ्या मित्राने ड्युअल मास फ्लायव्हील काढून एकसंध बसवलं. तेव्हापासून न्यूट्रलमध्ये खडखड येते, क्लच दाबला की थांबते. गिअरबॉक्स गेला का?

डावा_पाय

गिअरबॉक्स बहुधा ठीक असेल. ड्युअल मासमध्ये धक्के गिळणाऱ्या स्प्रिंगा फ्लायव्हीलच्या पोटात असतात, म्हणून त्याच्याबरोबरची प्लेट बऱ्याचदा बिनस्प्रिंगची असते. फ्लायव्हील बदललं आणि प्लेट तीच ठेवली, तर इंजिनाचे धक्के थेट गिअरच्या दात्यांपर्यंत जातात. स्प्रिंगवाली प्लेट टाकली की बरंच कमी होतं. पूर्ण जाईल अशी हमी नाही, ड्युअल मास उगाच बनवलेलं नाही.

रेखा_लेथवाली

धागा छान चाललाय, पण कोणी बेलहाउसिंगबद्दल बोलत नाहीये. खटाराजी, तुम्ही दुसऱ्या वाटेने गेलात तर नवी बेलहाउसिंग येणार. ती तुमच्या ब्लॉकवर मध्यात बसते का हे मोजल्याशिवाय गिअरबॉक्स चढवू नका. फ्लायव्हीलला डायल गेज लावायचं, टोक बेलहाउसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेला टेकवायचं आणि क्रँक पूर्ण फेरी फिरवायची. काट्याचा एकूण फरक ०.००५ इंचाच्या आत, म्हणजे ०.१३ मिमीच्या आत हवा. जास्त आला तर विकेंद्री डॉवेल पिना (बेलहाउसिंगची जागा किंचित सरकवणाऱ्या) मिळतात: ०.००७, ०.०१४ आणि ०.०२१ इंचाच्या. लक्षात ठेवा, गेजवर दिसतो त्याच्या निम्मा खरा सरकाव असतो. पिन त्या निम्म्या आकड्याची निवडायची.

हे न केल्याने गिअर जड पडतात, पायलट बेअरिंग लवकर जातं आणि दोष क्लचच्या माथी येतो. माझ्याकडे "नवा क्लच खराब निघाला" म्हणून येणाऱ्यांत असे बरेच असतात.

दुसरं, फ्लायव्हील घासून घेणार असाल तर ते सपाट आहे की पायरीचं ते बघा. पायरीच्या फ्लायव्हीलला प्लेट घासते तो भाग आणि कव्हर बसतं तो भाग यांच्या उंचीत ठरावीक फरक असतो. एका भागावरून जेवढं काढलं तेवढंच दुसऱ्यावरून काढायचं. नाही तर कव्हरचा दाब बदलतो.

बोल्ट_तुटला

रेखाताईंना +१. आणि फ्लायव्हीलचे बाहेरचे दाते मोजा. स्मॉल ब्लॉकला १५३ दाती आणि १६८ दाती अशी दोन येतात, १६८वालं सुमारे १४ इंची. सगळ्या बेलहाउसिंगमध्ये ते मावत नाही. स्टार्टरही त्यानुसार: १६८ला सहसा तिरकस बोल्टांचा, १५३ला सरळ रेषेतल्या बोल्टांचा.

चौथा_गिअर

आणि ते ३५०च आहे ना, ४०० नाही ना, तेही बघून घ्या. ४००ला बाहेरून तोल लागतो. वरून दोघं सारखेच दिसतात.

खटारा_प्रेमी

ब्लॉकवरचा नंबर पाहिला, ३५०च आहे. फ्लायव्हील १६८ दाती. ते मावेल अशी बेलहाउसिंग मिळतेय, त्यामुळे दुसरी वाट पक्की केली: ढकलणारा क्लच, आत हायड्रॉलिक बेअरिंग.

आता नवा प्रश्न. माझ्या गाडीत क्लचला सळ्या आणि झेड-बार (पेडलचा जोर फोर्कपर्यंत नेणारा आडवा दांडा) आहे, तेलाचं काहीच नाही. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेल ढकलणारं) कुठलं बसवू? ५/८ की ३/४ इंच? एक जण म्हणतो मोठं घ्या, तेल जास्त जातं.

डावा_पाय

तेल जास्त जातं हे खरं, पण पायही जास्त लागतो. ५/८ इंची मास्टरचं क्षेत्रफळ १९८ चौरस मिमी, ३/४चं २८५. पिस्टन ३० मिमी सरकला तर ५/८मधून ५.९ घन सेमी तेल जातं, ३/४मधून ८.६. समजा स्लेव्ह १३/१६ इंची आहे, तर तो पहिल्यात १७.८ मिमी हलेल, दुसऱ्यात २५.६. आणि पेडल सुमारे ४४ टक्के जड होईल.

तुमचं बेअरिंग शाफ्टभोवतीचं आहे, त्याचं क्षेत्रफळ वेगळं. त्याच्या कागदावर किती घन सेमी तेल हवं ते लिहिलेलं असतं. तिथून उलटं गणित करा. गरजेपेक्षा मोठं मास्टर घेतलंत तर पाकळ्या मर्यादेबाहेर दाबल्या जातात आणि कव्हर खराब होतं. अगदीच घ्यायचं झालं तर पेडलखाली थांबा बसवा.

निवांत

मी अजूनही किटवालाच आहे, हे नोंदवून ठेवतो. पण वाचता वाचता स्वतःच्या गाडीचं फ्लायव्हील कसलं आहे हे बघायला खाली वाकलो, एवढं खरं.

गोगलगाय

काही दिसलं का?

निवांत

गळणारं सील.

खटारा_प्रेमी

बेलहाउसिंग आली. डायल गेज लावलं, फरक ०.०१६ इंच! रेखाताईंनी सांगितलं नसतं तर तसाच चढवला असता. निम्मं ०.००८, म्हणून ०.००७च्या पिना टाकल्या. आता ०.००२च्या आसपास येतंय.

शेवटचा अडसर बेअरिंगच्या जागेचा. बेलहाउसिंगच्या मागच्या तोंडापासून पाकळ्यांपर्यंत ८६.२ मिमी. गिअरबॉक्सच्या तोंडापासून पूर्ण मागे दाबलेल्या बेअरिंगपर्यंत ७९ मिमी. म्हणजे मधे ७.२ मिमी मोकळं. कागदावर ४ ते ५ लिहिलंय. एवढ्याने फरक पडतो का? की पेडल दाबल्यावर बेअरिंग आपोआप पुढे जाईलच?

रेखा_लेथवाली

जाईल, पण जास्तीचं अंतर कापण्यात तेलाचा वाटा खर्च होईल आणि क्लच पुरता सुटणार नाही. रिव्हर्स टाकताना करकर येईल. अडीच मिमीची शिम (पातळ चकती) बेअरिंगमागे घाला, ४.७ उरेल. शून्यावर मात्र आणू नका. ढकलणाऱ्या क्लचमध्ये प्लेट झिजते तशा पाकळ्या गिअरबॉक्सकडे येतात, त्यांना मागे यायला जागा हवी.

एक विचारते: ८६.२ मोजलं तेव्हा मधे प्लेट होती ना, आणि कव्हरचे बोल्ट पूर्ण आवळलेले होते ना? सैल कव्हरवर घेतलेलं माप फसवं असतं, बोल्ट आवळले की पाकळ्यांची जागा बदलते.

खटारा_प्रेमी

हो ताई, नवी २६ दाती प्लेट घालून, बोल्ट टॉर्क रेंचने आवळून मोजलं.

रेखा_लेथवाली

मग शिम घाला आणि चढवा.

स्पॅनरकाका

चढवण्याआधी दोन गोष्टी. नवी प्लेट हाताने शाफ्टवर पुढेमागे सरकवून बघा, कुठेही अडकता कामा नये. दात्यांवर ग्रीस नखभर, जास्त लावलंत तर फिरताना उडून अस्तरावर जातं. आणि प्लेटवर "फ्लायव्हील साइड" लिहिलेली बाजू फ्लायव्हीलकडेच. उलटी बसवली तर हबची स्प्रिंगवाली बाजू फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासते आणि सगळं परत उतरवावं लागतं.

पायलट बुश पितळी असेल तर ठोकल्यावर शाफ्टचं टोक त्यात पुन्हा घालून बघा. बाहेरून दाबलं गेलं की आतलं भोक किंचित आवळतं.

चौथा_गिअर

सगळं झालं, पण टी-५६ला स्पीडोमीटरची केबल लागत नाही, वेग विजेच्या सेन्सरवरून येतो. तुमच्या डॅशबोर्डवर केबलवाला काटा आहे ना?

खटारा_प्रेमी

अरे देवा.

स्पॅनरकाका

त्याचा वेगळा धागा काढा.